अवघड जागेचे दुखणे



आपल्याकडे एक जुनी म्हण आहे, ‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’. म्हण ऐकली की आपण हसतो. पण जिच्यावर ती वेळ येते तिला हसू येत नाही. दुखणे असे की सांगता येत नाही. आणि वैद्य समोर असला तरी त्याच्यापुढे तोंड उघडत नाही. आज ज्या दुखण्याविषयी मी बोलणार आहे ते नेमके या म्हणीतले आहे. खोकला आला, शिंक आली, हंडा उचलला की लघवीचे थेंब गळतात. लघवीला लागली की मोरीपर्यंत पोचेतो धीर निघत नाही. दिवसभर उभ्याने काम केले की संध्याकाळी खाली काहीतरी जड उतरल्यासारखे वाटते. आमच्या बायका त्याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात.

या तक्रारींवर एक उपचार आहे, ज्यात गोळी नाही, सुई नाही, चाकू नाही. त्याला भौतिकोपचार म्हणतात. लोकांच्या तोंडी फिजिओथेरपी हा शब्द बसला आहे. या उपचाराला गेलेल्या बाईला तिथे काय विचारतात, काय करतात, किती दिवस लागतात आणि शेवटी पदरात काय पडते, एवढेच आज सांगायचे आहे. पुरुष मंडळींनी हे आपले काम नव्हे असे समजून उठून जाऊ नये. घरातल्या बाईच्या दुखण्याचा निम्मा उपाय घरच्या माणसांच्या हातात असतो. शिवाय पुढे दोन शब्द खुद्द पुरुषांसाठीही आहेत.

आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा एक, पण त्यातले जगणे एकसारखे नाही. किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, दांडी या गावांतल्या भगिनी मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन बाजार गाठतात. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामगार स्त्रिया पाळीचे आठ-आठ तास उभ्याने काढतात. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टीत पावसाळाभर धो धो पाऊस, आणि उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी लांबची पायपीट. शिवाय आवणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर कमरेत वाकायचे, आणि आवणी सरली की लाकडाची मोळी आहेच. या साऱ्याजणींच्या वाट्याला हे दुखणे येऊ शकते, आणि प्रत्येकजण ते आपल्या परीने लपवते. मासळीवाली लुगड्याच्या आत जाड फडके घेते. कारखान्यातली बाई पाळीवर असताना पाण्याला तोंड लावत नाही. बोईसरहून चर्चगेट सुमारे शंभर किलोमीटर. लोकल गाडीला संडास नाही. म्हणून ती मुंबईला जाणेच सोडते. मग लग्नकार्य सुटते, माहेर सुटते, देवदर्शन सुटते. लोक म्हणतात, “हल्ली ही माणसांत येत नाही, गर्व झालाय.” गर्व नव्हे हो, भीती असते. कपडे ओले होतील, वास येईल, चार बायका काय म्हणतील, ही ती भीती.

हे मौन केवढे मोठे असते याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात मिळाला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभरातल्या ९२ जणींना काही ना काही स्त्रीरोग होता. आणि त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया किती, तर शंभरात अवघ्या ८. त्या आजारांत जंतुसंसर्गासारखी पुष्कळ दुखणी होती, सगळीच काही आजच्या विषयातली नव्हती. पण शिकवण एकच. बाई सांगत नाही याचा अर्थ तिला काही होत नाही असा नसतो. तिला कुणी विचारलेले नसते.

शेजारच्या नेपाळात डोंगर चढताना पाठीवर ओझी वाहणाऱ्या स्त्रियांत अंग बाहेर येण्याचे प्रमाण इतके वाढले की प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. २००८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा स्त्रियांच्या आरोग्याच्या हक्काचा प्रश्न ठरवला आणि सरकारला उपाय करायला सांगितले. तेव्हा ही काही घरातल्या घरात गिळून टाकायची गोष्ट नव्हे.

आता हे दुखणे होते तरी कशामुळे, ते पाहू. आपण तान्ह्या मुलाला झोळीत निजवतो. झोळीचे कापड दोन्ही टोकांना घट्ट बांधलेले असते आणि मुलाचा सगळा भार मधला भाग झेलतो. आपल्या ओटीपोटाच्या तळाशीही अशीच एक झोळी आहे. ती कापडाची नाही, स्नायूंची आहे. पुढे जांघांच्या मधले हाड आणि मागे माकडहाड, अशा दोन टोकांमध्ये ती ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भपिशवी आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, या तिघांचा भार ती झेलते. लघवीची वाट, बाळाची वाट आणि शौचाची वाट या झोळीतूनच खाली येतात. झोळी आवळली की वाटा मिटतात, सैल सोडली की मोकळ्या होतात. हे काम ती दिवसरात्र बिनबोभाट करत असते, म्हणून ती आहे हेच आपल्याला ठाऊक नसते.

बाळंतपणात या स्नायूंचा काही भाग तिपटीपर्यंत ताणला जातो. बहुतेकींचा तो पुन्हा सावरतो. काहींचा पुरता सावरत नाही. त्यातून पाठोपाठची बाळंतपणे, बाळंतिणीला लवकर जड कामाला जुंपणे, जुना खोकला, शौचाला कुंथावे लागणे, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतरचे वय, ही सारी त्यात भर घालतात. झोळी सैल पडली की भार खाली सरकतो आणि वाटा नीट मिटत नाहीत. तात्पर्य, हा देवीचा कोप नाही, करणी नाही, आणि ‘बाईचा जन्म म्हटला की हे यायचेच’ असेही नाही. हा एक दुबळा पडलेला स्नायू आहे. दंडाचा स्नायू जसा मेहनतीने घडतो, तसा हाही घडवता येतो.

ही गोष्ट अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली व्यवस्थित मांडली. लघवी गळणाऱ्या स्त्रियांना ते हे स्नायू आवळण्याचा व्यायाम देत, आणि जोर किती वाढला हे मोजण्यासाठी त्यांनी एक यंत्रही तयार केले होते. आजही हा व्यायाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या मुंबईनेही या दुखण्याच्या उपचारात नाव कमावले, ते शस्त्रक्रियेच्या बाजूने. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. पुरंदरे यांनी अंग बाहेर येणाऱ्या तरुण स्त्रियांसाठी, गर्भपिशवी काढून न टाकता ती वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया बसवल्या आणि त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. शस्त्रक्रियेची गरज काहींना असतेच. पण गळती असलेल्या, किंवा अंग थोडेच खाली उतरलेल्या बाईला आधी भौतिकोपचार करून पाहावा, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ असे पुष्कळ ठिकाणी बोलले जाते. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या पिशव्या काढल्या गेल्या, हे २०१९ साली उघड झाले तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला. पिशवी काढल्याने झोळी बळकट होत नाही. उलट गर्भपिशवी गेल्यावरही लघवी गळू शकते आणि खालचे अंग उतरू शकते. म्हणून असा सल्ला कुणी दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे, आणि ‘आधी व्यायामाचा उपचार करून पाहता येईल का?’ हा प्रश्न न भिता विचारावा.

बरे, आता समजा, बोईसरजवळच्या एखाद्या गावातल्या मावशींनी धीर केला आणि त्या भौतिकोपचार करणाऱ्या बाईंकडे गेल्या. तिथे काय होईल?

पहिल्या दिवशी पाऊण-एक तास तरी हाताशी ठेवावा. त्यातला बराच वेळ बोलण्यात जातो. ते बोलणे साधारण असे असते.

“मावशी, लघवी गळते ती कधी? खोकताना, की मोरीकडे जाता जाता?”

“दोन्ही वेळेला गो बाय. पण खोकताना जास्त.”

“बाळंतपणं किती झाली?”

“चार. दोन घरी, दोन दवाखान्यात.”

“आणि पाणी किती पिता दिवसाला?”

“पीतच नाही. प्यायलं की गळतं ना!”

हे शेवटचे उत्तर फार ठिकाणी ऐकू येते, आणि त्यातच एक मोठी चूक आहे. पाणी कमी केले की लघवी दाट होते, पिशवी चुरचुरते आणि उलट जास्त घाई होते. बद्धकोष्ठ होतो तो वेगळाच. तेव्हा पाणी तोडायचे नाही, ही पहिली सूचना इथेच मिळते. त्यानंतर शौच साफ होते का, खोकला जुना आहे का, ओझी किती उचलता, पतिपत्नीच्या संबंधात दुखते का, असेही प्रश्न येतील. प्रश्न नाजूक असले तरी ते कुतूहलापोटी विचारलेले नसतात. उपचार त्यावरच ठरतो. मावशींना लिहिता येत असेल तर तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगतात. किती वाजता पाणी, चहा घेतला, किती वाजता लघवीला गेलात, कधी गळली. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी नात कागदावर रेघा मारून देते. तेवढेही पुरते.

मग तपासणी. पुष्कळजणी अर्ध्या वाटेवरून परत फिरतात त्या याच भीतीने, म्हणून हे नीट ऐका. मावशींना खाटेवर उताणे निजवतात, गुडघे दुमडून. अंगावर चादर असते. आधी पोट, कंबर, श्वास पाहतात. मग खालचा भाग पाहण्याची परवानगी विचारतात. ‘खोका बघू’ म्हणतात, म्हणजे गळती आणि उतार दिसतो. त्यानंतर, पुन्हा परवानगी घेऊनच, हातमोजा घालून एका बोटाने आतला स्नायू किती आवळतो हे तपासतात. शाळेत जसे गुण देतात तसे या जोराला शून्य ते पाच गुण देण्याची पद्धत आहे. मुळीच हालचाल नाही तर शून्य, भक्कम आवळला तर पाच. मावशींना दोन गुण मिळाले, तर तीन महिन्यांनी ते तीन की चार झाले हे ताडून पाहता येते.

आता तुमचा हक्क सांगते. ही आतली तपासणी सक्तीची नाही. ‘आज नको’ म्हणता येते. मध्येच ‘थांबा’ म्हणता येते, आणि म्हणताक्षणी थांबलेच पाहिजे. तपासणारी बाईच हवी, असे सांगता येते. बहीण, जाऊ, आशा ताई, कुणालाही सोबत आत नेता येते. अविवाहित मुलींची अशी आतून तपासणी करत नाहीत. बाहेरून पाहून किंवा पोटावर सोनोग्राफीचे यंत्र ठेवूनही स्नायूची हालचाल समजते. कुणी परवानगी न विचारता, काही न समजावता हात लावू लागला तर उठून यावे. तो उपचार नव्हे.

यानंतर खरी शिकवणी सुरू होते. मावशींना सांगतात, “चारचौघांत बसलात आणि वारा सरेल असं वाटलं, तर कसं आवरता? तसं आवळा. त्याच वेळी लघवीही रोखल्यासारखं करा. आणि ते सगळं आतल्या आत वर ओढा.” ऐकायला सोपे वाटते, पण करताना गफलत होते. कुणी श्वास कोंडतात, कुणी पोट आत घेतात, कुणी मांड्या आणि ढुंगण आवळतात. आणि कुणी तर वर ओढण्याऐवजी शौचाला बसल्यासारखे खाली कुंथतात. हे शेवटचे तर नुकसानच करते. अमेरिकेत १९९१ साली ४७ स्त्रियांना हा व्यायाम नुसता तोंडी सांगून पाहिला होता. जेमतेम निम्म्यांना तो बरोबर जमला. चौथा हिस्सा बायका तो अशा रीतीने करत होत्या की गळती वाढावी. तेव्हा माझे हे भाषण ऐकून तुम्ही आजपासून व्यायाम सुरू केलात तर निम्म्याजणींचे चुकेल, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पोहायला जसे पुस्तकातून शिकता येत नाही, तसेच हे आहे. एकदा तरी जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे लागते.

काही ठिकाणी स्नायूचा जोर पडद्यावर रेघेच्या रूपाने दाखवणारे यंत्र असते. रेघ वर गेली की मावशींना आपले आपण कळते की बरोबर जमले. ज्यांना स्नायू मुळीच सापडत नाही त्यांना कधी विजेचा अगदी सौम्य प्रवाह देतात. झिणझिण्या येतात, दुखत नाही. ही यंत्रे असली तर मदत होते, नसली तर काही अडत नाही.

घरी करायचा नेम साधारण असा. आठ वेळा आवळायचे, जमेल तितके सेकंद धरायचे, मग तितकाच वेळ किंवा त्याहून जास्त सैल सोडायचे. असे दिवसातून तीन वेळा. सुरुवातीला कुणाला तीन सेकंद जमतात, कुणाला पाच; हळूहळू दहापर्यंत जायचे. चूल पेटवून भाकरी टाकायला बसण्यापूर्वी एकदा, दुपारच्या जेवणानंतर एकदा, रात्री अंथरुणावर एकदा. कुणाला दिसत नाही, कुणाला सांगावे लागत नाही. हा व्यायाम लघवी करता करता मध्येच थांबवून मात्र करू नये. त्याने पिशवी पुरती रिकामी होत नाही.

याच्याबरोबर एक हुन्नर शिकवतात, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. खोकला किंवा शिंक येणार असे वाटले की आधी आवळायचे आणि मग खोकायचे. हंडा, टोपली, मोळी उचलायची तर आधी आवळायचे, श्वास न कोंडता तो सोडत सोडत उचलायचे. शक्य तर दुसरीचा हात लावून ओझे डोक्यावर घ्यायचे. ज्यांना लघवीची घाई होते त्यांना आणखी एक शिकवण मिळते. घाई झाली की धावत सुटायचे नाही. जागीच थांबायचे, चार-पाच वेळा झटझट आवळायचे, घाई ओसरली की मग चालत जायचे. दर तासाला जाणारीने सव्वा तास, मग दीड तास, असे अंतर वाढवत न्यायचे. पिशवीलाही वळण लावता येते.

गुण किती दिवसांत येतो? इथेच धीर लागतो. भात पेरले की दुसऱ्या दिवशी लोंबी येत नाही. पहिले काही आठवडे स्नायू आणि मेंदू यांची नुसती ओळख होत असते. स्नायू भरायला त्यापुढचा काळ लागतो. म्हणून निदान तीन महिने नेम मोडू नये. या काळात आठ-पंधरा दिवसांनी एकदा भेटायला बोलावतात. पुष्कळजणी महिनाभराने ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात, आणि नेमके तिथेच फसतात. धीर धरणाऱ्यांना फळ मिळते, याला आधार आहे. २०१८ साली १४ देशांतल्या ३१ अभ्यासांचा, म्हणजे एकूण १८१७ स्त्रियांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात खोकताना-शिंकताना लघवी गळणाऱ्या ज्या स्त्रियांनी हा व्यायाम केला त्यांच्यातल्या शंभरात ५६ जणींनी आपली गळती पूर्ण थांबल्याचे सांगितले; काहीच उपचार न केलेल्यांत असे सांगणाऱ्या शंभरात फक्त ६ होत्या. अंग उतरलेल्या स्त्रियांतही वर्षभरात जडपणा आणि त्रास कमी झाल्याचे इतर अभ्यासांत दिसले आहे. सर्वांनाच पूर्ण गुण येतो असे मात्र मी म्हणणार नाही. बाहेर आलेले अंग व्यायामाने पुरते आत जाईलच, अशी खात्री कुणी देऊ नये.

दुसरीही एक बाजू आहे. काहींची झोळी सैल नसते, उलट सतत ताठ आवळलेली असते. त्यांना ओटीपोटात दुखते, संबंधाच्या वेळी दुखते, शौचाला बसले की वाट मोकळी होत नाही. अशा बाईने ऐकीव माहितीवर आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढते. तिला सैल सोडायला शिकवावे लागते. पोटात खोल श्वास घेणे, गुडघे दुमडून निजणे, हलक्या हाताने स्नायू मोकळा करणे, असा तिचा उपचार असतो. आधी तपासणी आणि मग व्यायाम, असे मी म्हणते ते यासाठीही.

पुरुष श्रोत्यांसाठी कबूल केलेले दोन शब्द आता सांगते. ही झोळी पुरुषांनाही असते. उतारवयात प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया झाल्यावर काहींची लघवी गळते. त्यांनाही हाच व्यायाम शिकवतात. त्यांनीही लाजू नये.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की त्यांत आधी डॉक्टरच गाठावा. अवघड बाळंतपणानंतर लघवी दिवसरात्र एकसारखी गळत असेल, तर आत भोक पडलेले असू शकते आणि त्याला शस्त्रक्रियाच लागते. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, लघवी अडकणे, बाहेर आलेल्या अंगावर जखम होणे, किंवा एकाएकी लघवी-शौचाचा ताबा जाऊन जांघेत बधिरपणा येणे, यांपैकी काही झाले तर व्यायामात दिवस घालवू नयेत. ज्यांचे अंग बरेच बाहेर आले आहे त्यांना डॉक्टर आत आधारासाठी एक रबरी किंवा सिलिकॉनची कडी बसवून देतात. शस्त्रक्रिया नको असलेल्या वृद्ध स्त्रियांना तिचा चांगला उपयोग होतो.

जायचे कुठे? आधी आपल्या आशा ताईशी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरशी बोलावे. बाळंतपणानंतरच्या ४२ दिवसांत आशा ताई बाळाला पाहायला ठरलेल्या दिवशी घरी येतेच. तेव्हाच तिच्या कानावर घालावे. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांची चिठ्ठी घ्यावी. मुंबईत सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत, म्हणजे परळचे के.ई.एम., शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर अशा ठिकाणी भौतिकोपचाराचे विभाग आहेत. तिथे गेल्यावर ‘स्त्रियांच्या लघवीच्या तक्रारी कोण पाहतात?’ असे स्पष्ट विचारावे. खासगीत जाणार असाल तर त्या व्यक्तीकडे भौतिकोपचाराची पदवी आणि महाराष्ट्राच्या परिषदेची नोंदणी आहे का, आणि या विषयाचे खास शिक्षण घेतले आहे का, हे विचारून घ्यावे. पाट्या पुष्कळ असतात. पाटीमागचे शिक्षण पाहावे. दर आठवड्याला मुंबईची वारी परवडणार नाही हे खरे. पण पहिली तपासणी नीट झाली की मधली चौकशी फोनवरही होऊ शकते. तशी सोय मागून घ्यावी.

आता शाळेतल्या गुरुजनांना आणि बाईंना एक विनंती. तुमच्यापैकी अनेक शिक्षिका सकाळी घरून निघतात त्या संध्याकाळी घरी येईपर्यंत लघवीला जात नाहीत, कारण शाळेतल्या संडासाला दार धड नाही किंवा पाणी नाही. मुलीही तेच शिकतात. पाणी पीत नाहीत, दिवसभर कळ सोसतात. वर्गात एखाद्या मुलीने बोट वर केले तर ‘मधल्या सुट्टीत जा’ असे म्हणू नका. शाळा समितीच्या बैठकीत संडासाची कडी आणि पाण्याचा पिंप हा विषय पहिला घ्या. आणि शरीराचा धडा शिकवताना हृदय, फुप्फुस, हाडे यांच्या जोडीला या झोळीचेही नाव घ्या. ज्या अवयवाला नाव असते त्याचे दुखणे सांगता येते.

घरच्या मंडळींनाही सांगणे आहे. सुनेला बाळंतपणानंतर निदान दीड महिना जड हंडा उचलू देऊ नका. दुसरी खेप नवऱ्याने आणली तर त्याचा मान कमी होत नाही. बायकोला सोबत करून दवाखान्यात न्या आणि बाहेरच्या बाकावर निमूट बसा. तिची तीन वेळची पाच-पाच मिनिटे मोडू नका. आणि सासूबाईंनो, हे तुम्हीही सोसले असेल. ‘आम्ही नाही का सोसलं?’ असे म्हणण्याऐवजी तुम्हीच सुनेचा हात धरून तिला घेऊन जा. तिच्याबरोबर तुमचीही तपासणी होईल. साठीनंतरही हा स्नायू शिकतो.

जावई वैद्य असला म्हणजे तोंड उघडत नाही, हे म्हणीत ठीक आहे. पण आता हे काम शिकलेल्या मुली आहेत, त्यांच्यापुढे संकोच धरण्याचे कारण नाही. आज रात्री घरातल्या वडीलधाऱ्या बाईला एवढेच विचारा, “आई, खोकताना काही त्रास होतो का गं?” उत्तर लगेच येणार नाही. दोन दिवसांनी येईल. आले की तिला घेऊन जा.